रांगेतला पहिला कागद

अलिबाग,
मृगाचा पहिला आठवडा

चि. भाच्यास,

तालुक्याच्या कचेरीतला सर्व्हर आणि त्याच्यामागचे सगळे प्रिंटर आता तुझ्या हवाली झाले, हे ताईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. तू विचारलं आहेस की प्रिंट अडकल्या की छपाईची रांग लावणारा स्पूलर बंद करायचा, त्याचं फोल्डर रिकामं करायचं, स्पूलर पुन्हा चालू करायचा, एवढं आलं म्हणजे पुरे ना? पुरे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हा उपाय लागू पडतो, म्हणूनच तो धोक्याचा आहे. दोन मिनिटांत रांग मोकळी होते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि ती अडली कशाने हे कुणालाच कळत नाही. अडकलेली रांग हा आपल्या हाती लागलेला पुरावा असतो. ती पुसण्याआधी वाचायची असते, आणि वाचायची म्हणजे मुख्यतः तिचा पहिला कागद वाचायचा. या एवढ्याच गोष्टीसाठी हे लांबलचक पत्र लिहितो आहे.

आधी ही रांग असते कशासाठी ते पाहू. प्रिंटर सावकाश चालतो, संगणक भराभर. साठच्या दशकातल्या मोठ्या यंत्रांवर ही तफावत इतकी महाग पडायची की छापायचा मजकूर आधी डिस्कवर उतरवून ठेवायचा आणि प्रिंटरला सवडीने घेऊ द्यायचा, अशी व्यवस्था निघाली. तोच आजचा स्पूलर. विंडोजच्या सर्व्हरवर ‘सिस्टिम ३२’च्या आत ‘स्पूल’ आणि त्याच्या आत ‘प्रिंटर्स’ असं फोल्डर आहे. तिथे प्रत्येक कामाच्या दोन फायली पडतात. एसपीएल फायलीत छापायचा मजकूर असतो. एसएचडी फायलीत ते काम कुणी पाठवलं, कोणत्या प्रिंटरसाठी आणि कोणत्या सेटिंगने, याची माहिती असते. म्हणजे ज्याला आपण कचरा समजून झाडून टाकायला निघतो, ती लोकांची कागदपत्रं असतात. जून महिन्यात तर उत्पन्नाचे दाखले, अधिवासाचे दाखले, नॉन-क्रीमीलेअर, सगळं कॉलेजप्रवेशाच्या तारखांना बांधलेलं. खिडकीवरच्या ऑपरेटरच्या संगणकाने काम सर्व्हरकडे सोपवलं की त्याच्या लेखी ते संपलं. पुढे तू फोल्डर रिकामं केलंस तर त्याच्या पडद्यावर दाखला छापलेला आणि बाकावर बसलेल्या माणसाच्या हाती काहीच नाही. दहा कामांतली कोणती चार निघाली आणि कोणती सहा बुडाली, हे त्यानंतर कुणीही सांगू शकत नाही. मग सगळी दहा पुन्हा पाठवली जातात आणि चार दाखले दोनदा निघतात. साध्या कागदावर हे चालून जाईल. क्रमांक असलेल्या पावतीवर किंवा हाताने सरकवलेल्या मुद्रांकावर ते चालत नाही, कारण तिथे प्रत्येक जादा प्रतीचा हिशेब द्यावा लागतो.

आता पहिल्या कागदाकडे ये. रांगेत वीस कामं तुंबलेली दिसतात तेव्हा वीस कामं बिघडलेली नसतात. बहुधा एकच बिघडलेलं असतं आणि बाकीची एकोणीस त्याच्यामागे निमूट उभी असतात. सगळ्यात वरचेवर दिसणारं उदाहरण घे. कुणीतरी बाहेरून आलेला अर्जाचा नमुना उघडतो, त्यात कागदाचा आकार अमेरिकन ‘लेटर’ असतो आणि आपल्या ट्रेमध्ये ए-फोर असतो. लेटर कागद ए-फोरपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, प्रिंटरला मात्र जाणवतो. ‘लेटर कागद भरा’ अशी बारीक ओळ आपल्या पट्टीवर दाखवत तो शांतपणे थांबून राहतो. यंत्र धड, सर्व्हर धड, वायर धड, आणि तरीही सगळी कचेरी ठप्प. अशा वेळी स्पूलर बंद-चालू करणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. रांग पुसली तर तो नमुना गेल्यासारखा वाटतो, पण ऑपरेटर अर्ध्या तासाने तोच पुन्हा पाठवतो आणि रांग पुन्हा तिथेच अडते. प्रिंटरच्या पट्टीवरची ओळ वाचली असती तर ‘पुढे चला’चं बटण दाबून काम भागलं असतं, आणि त्या नमुन्याचा आकार एकदा बदलून ठेवला असता तर कायमची कटकट मिटली असती. लीगल कागद मागणारं काम, हाताने कागद सरकवण्याची वाट पाहणारं काम, स्कॅन केलेली पानं ठासून भरलेली पीडीएफ, ही त्याच जातीची उदाहरणं. पीडीएफचं तर विशेष आहे. मूळ फाईल लहान असली तरी प्रिंटरच्या भाषेत उतरताना ती कित्येक पट फुगू शकते आणि लहान प्रिंटरची मेमरी तिथे हात टेकते. एसपीएल फायलीचा आकार नुसता पाहिलास तरी हे ध्यानात येईल.

पहिला कागद निर्दोष निघाला तर एकच प्रश्न विचार: एका प्रिंटरची रांग अडली आहे की सगळ्यांच्या? या प्रश्नाने अर्धं क्षेत्र एका झटक्यात बाद होतं. सगळ्या रांगा एकदम अडल्या असतील तर दोष सर्व्हरवरच शोधायचा: डिस्क भरली आहे का, स्पूलर स्वतःच कोसळतो आहे का, कालपरवा नवा ड्रायव्हर चढवला होता का. एकच रांग अडली असेल तर सर्व्हरला हातही लावू नकोस. दोष त्या प्रिंटरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा त्याच्या पत्त्यात आहे. पत्त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हीच गोष्ट जास्त छळते. लाईट जाते, येते, पुन्हा जाते. राउटर नव्याने उठतो आणि प्रिंटरला नवा आयपी देतो. सकाळी प्रिंटर शेवटी २५ असलेल्या पत्त्यावर होता, दुपारी तो ३१ वर गेला. सर्व्हर मात्र जुन्याच दारावर थाप मारत बसतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ लिहितो. समोर हिरवा दिवा लागलेला प्रिंटर आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तपासायला प्रिंटरच्याच बटणांवरून त्याच्या कॉन्फिगरेशनचं पान काढ, त्यावर छापलेला आयपी आणि सर्व्हरवरच्या पोर्टमधला आयपी शेजारी शेजारी धरून आकडा आकडा जुळव. जुळला नाही तर रोग सापडला. पोर्ट दुरुस्त कर आणि त्या प्रिंटरला स्टॅटिक आयपी देऊन टाक, म्हणजे पुढच्या वेळी लाईट गेली तरी त्याचं घर बदलणार नाही. स्पूलर शंभर वेळा चालू-बंद केला तरी हा दोष जाणार नाही, कारण तो स्पूलरमध्ये नव्हताच.

कागदाची गोष्टही याच ओघात सांगतो. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. उघडी राहिलेली रीम एका रात्रीत ओल धरते, कडा लाटेसारख्या वळतात, दोन पानं एकमेकांना चिकटून रोलरमध्ये जातात आणि अडकतात. कुणीतरी वैतागून प्रिंटर बंद करून चालू करतो. इकडे सर्व्हरवर ते काम अर्धवट ‘प्रिंटिंग’ अवस्थेत लोंबकळत राहतं आणि दोष सर्व्हरच्या माथी येतो. म्हणून रीम जमिनीवर ठेवू देऊ नकोस, लागेल तेवढीच उघड, उरलेली तिच्याच वेष्टनात घट्ट गुंडाळून फळीवर आडवी ठेव. हे शिपायाचं काम आहे असं म्हणू नकोस. सर्व्हरवरच्या अडचणीचं मूळ त्या फळीवर असेल तर ती फळीसुद्धा तुझ्याच कामाचा भाग आहे.

सगळं वाचून झालं, पहिलं कामच खराब आहे अशी खात्री पटली आणि ते ‘डिलीटिंग’ म्हणत जागचं हलत नाही, अशी वेळ येतेच. तेव्हा स्पूलर बंद करावाच लागेल, पण तोही बेताने. आधी त्या प्रिंटरची रांग पॉज कर, म्हणजे स्पूलर उठल्या उठल्या धडाधड छपाई सुरू होणार नाही. मग स्पूलर थांबव. फोल्डरमध्ये वेळेप्रमाणे सगळ्यात जुनी, एकाच क्रमांकाची एसपीएल आणि एसएचडीची जोडी शोध. त्या दिवशी बारा क्रमांक असेल तर फक्त बाराची जोडी उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलव. पुसू नकोस, हलव. स्पूलर चालू केलास की तो उरलेल्या जोड्या वाचून बाकीची रांग जशीच्या तशी उभी करतो. आता पॉज काढ. एकोणीस माणसांचं काम वाचलं आणि विसाव्याची फाईल तपासायला तुझ्या हातात राहिली. लिनक्सच्या सर्व्हरवर कप्स ही छपाईची व्यवस्था असेल तर तिथे हा विचार व्यवस्थेतच मुरलेला दिसेल. एखादं काम फसलं की कप्स मूळ सेटिंगप्रमाणे तो प्रिंटरच थांबवते आणि कारण एरर लॉगमध्ये लिहून ठेवते. पुष्कळजण लॉग न उघडता प्रिंटर पुन्हा सुरू करतात आणि तो पुन्हा थांबला की कप्सला नावं ठेवतात.

तू म्हणशील, मामा, खिडकीसमोर चाळीस माणसं उभी असताना वाचत बसायला वेळ कुठून आणू? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. रेवदंड्याहून, बोर्लीहून एसटीने आलेल्या माणसाची दुपारची गाडी चुकली तर त्याचा दिवस गेला. शिवाय २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणं बंधनकारक केलं आहे, आणि विनाकारण दिरंगाई झाल्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. घाई आहेच. पण हिशेब कर. प्रिंटरची पट्टी वाचायला अर्धा मिनिट, पहिलं काम कुणाचं हे पाहायला अर्धा मिनिट, एक रांग की सगळ्या हे पाहायला आणखी एक. रांग पुसल्यावर वीस कामं पुन्हा शोधून पाठवायला लागणारा वेळ याच्या कितीतरी पट आहे, आणि तो खिडकीवरच्या माणसाच्या डोक्यावर पडतो, म्हणून तुझ्या हिशेबात दिसत नाही. प्रिंटर खरोखरच मेला असेल तर रांग पुसण्यापेक्षा ती वळव. त्याच ड्रायव्हरवर चालणारा दुसरा प्रिंटर असेल तर पोर्ट बदलून वाट पाहणारी सगळी कामं तिकडे सरकवता येतात. फक्त जे काम छापायला सुरुवात झाली आहे तेवढं सरकत नाही.

आणि त्या दोन मिनिटांत लोकांना सांग. काय अडलं, किती वेळ लागेल, कुणाचं काम निघालं. ही सौजन्याची बाब आहेच, पण दुरुस्तीचीही आहे, कारण काही कळलं नाही की ऑपरेटर तेच काम तीनदा पाठवतो आणि रांग तिप्पट होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये नेमकी हीच सोय केली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर सूचना जायची. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला तेव्हा त्याचा मूळ प्रोग्रॅम द्यायला नकार मिळाला आणि ती सोय करता येईना. १९८३ साली त्यांनी जाहीर केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पामागे जी कारणं ते सांगतात, त्यांत हा अडकलेला कागदही आहे. वाट पाहणाऱ्याला कारण कळायलाच हवं, ही मागणी एवढी मोलाची आहे.

दुसरा आक्षेप हुशार मुलांचा असतो: रोज रात्री आपोआप स्पूलर पुसून चालू करणारी स्क्रिप्ट लावली की झालं. मला हे पटत नाही. ज्या कारणाने रांग अडते ते कारण दिवसा जिवंतच राहतं, आणि संध्याकाळी उशिरा पाठवलेली कामं रात्री कुणाला न कळता नाहीशी होतात. शिवाय स्पूलर ही काही साधी सेवा नाही. ती सर्व्हरच्या सर्वोच्च अधिकाराने चालते. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेला दोष याच सेवेतला होता. तिच्यातून शिरून साधं खातं असलेला माणूसही सर्व्हरचा ताबा घेऊ शकत होता, म्हणून मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती द्यावी लागली. पुढच्या महिन्यापासून प्रिंटरचा ड्रायव्हर चढवायला प्रशासकाचा अधिकार लागू लागला आणि त्याने ठिकठिकाणी छपाई अडली. तेव्हा ती अट रजिस्ट्रीतून काढून टाकण्याचा सोपा सल्ला पुष्कळांनी दिला. कुणी तुला तो दिला तर ऐकू नकोस. ड्रायव्हर तू स्वतः तपासून सर्व्हरवर चढव, अट तशीच राहू दे. छपाई सुरळीत व्हावी म्हणून कचेरीचं दार उघडं टाकायचं नसतं.

तिसरं म्हणणं असं की आता कागदच संपत चालला, एवढा जीव कशाला पाखडायचा? यात तथ्य आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, त्याला तलाठ्याचा शिक्का लागत नाही. जी रांग लागूच नये अशी व्यवस्था करता येते ती करावी, आणि जे कागद छापायची गरज उरली नाही ते न छापण्याबद्दल तू साहेबांकडे आग्रह धरावास असं मला मनापासून वाटतं. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे वीज आणि मोबाईल दोन्ही गेले, आणि पंचनामे झाले ते कागदावर. सुपारीची बाग आडवी झालेल्या माणसाला त्या कागदाने नुकसानभरपाई मिळते. तो कागद आहे तोवर त्याची रांग सांभाळणारा माणूस लागणार.

शेवटचं आणि मला सगळ्यात जवळचं, ते नोंदीचं. विंडोजमध्ये छपाईची सविस्तर नोंद मुळात बंद असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसखाली ‘ऑपरेशनल’ लॉग आहे, तो आजच चालू कर. मग छापलेल्या प्रत्येक कामामागे ३०७ क्रमांकाची नोंद पडेल: कुणी पाठवलं, कोणत्या प्रिंटरवर, किती पानं. कोणती चार निघाली या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळेल. पण तेवढ्यावर थांबू नकोस, हाताने लिहिलेली एक वहीही ठेव. इथल्या चुंबकीय वेधशाळेचं उदाहरण तुला देतो. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून चुंबकत्वाची निरीक्षणं होत होती. (आपला जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबाच म्हणवत होता, पण ही वेधशाळा मुंबईची.) शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्या मोजमापात ढवळाढवळ करणार हे दिसताच वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागला लोखंड टाळून नवी इमारत बांधून घेतली. जुनी मात्र लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, आकडे ताडून पाहिले, मग कुलाबा सोडला. एका वेळी एकच बदल करावा आणि बदलाच्या आधीचं व नंतरचं दोन्ही लिहून ठेवावं, ही शिस्त याहून नीट मला कुणी शिकवताना दिसलं नाही. त्याच कुलाब्याच्या वहीत सप्टेंबर १८५९ मधल्या सूर्यवादळाची नोंद आहे, चुंबकक्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट. लिहिणाऱ्याने ती नेहमीचं काम म्हणून लिहिली. २००३ साली संशोधकांनी ती पानं उघडली तेव्हा त्या वादळाची ताकद मोजायला तीच कामी आली.

तेव्हा वही शिवलेली घे, सुटी पानं ओलीने सुटतात. पहिल्या पानावर प्रत्येक प्रिंटरचं नाव, ठिकाण आणि आयपी लिही. पुढे तारीख, वेळ, पहिलं काम कुणाचं होतं, पट्टीवर काय लिहिलं होतं, लाईट गेली होती का, आणि तू नेमकं काय केलंस, एवढं पेनाने. गणपतीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये. जून आणि जुलैची पानं शेजारी ठेवून बघू, कोणता प्रिंटर कोणत्या दिवशी अडतो ते.

तुझा,
मामा